झेनित-ई: लेन्स सोन्याची, बॉडी बिडाची

भाचा जॉर्जियात तिबिलिसीला मेडिकलला आहे, त्याला भेटायला गेलो होतो तेव्हा तिथल्या ड्राय ब्रिजच्या बाजारातून झेनित-ई हा सोव्हिएत काळातला रोलचा कॅमेरा उचलला. बाजार म्हणजे आपल्या जुन्या बाजारासारखाच, फक्त याची गोष्ट जरा कडू आहे, सोव्हिएत युनियन गेल्यावर नव्वदच्या दशकात पगार-पेन्शनची पार माती झाली आणि लोकांनी घरातलं किडुकमिडुक पुलावर आणून विकायला सुरुवात केली. आजही मेडल्स, चिनीमातीचे कप, रेकॉर्ड्स, कॅमेरे सगळं चादरीवर मांडलेलं असतं. विकणाऱ्या आजोबांनी 150 लारी (तिकडचं चलन) सांगितले, 110 ला दिला, चामड्याच्या कव्हरसकट. कव्हरला अजून बूटपॉलिशचा वास येतो.

नंबर 78 ने सुरू होतो म्हणजे 1978 चा पीस. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हे मॉडेल 1965 पासून बनायचं, आणि थोडंथोडकं नाही, लाखांनी. हेलिओस लेन्ससकट किंमत 100 रुबल, म्हणजे साध्या नोकरदाराचा जवळपास महिन्याचा पगार. तरी लोक घ्यायचे, कारण फोटो काढणं हा तिकडे घरोघरचा छंद होता, आणि रोल धुवायला दुकानात कोण देतंय, बाथरूमला लाल दिवा लावायचा, टबावर फळी, फळीवर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र. एका फ्लॅटमध्ये चार कुटुंबं आणि बाथरूम एकच असेल तर हा उद्योग रात्री सगळे झोपल्यावर.

आता वापराचं. लेन्ससकट जवळपास किलोभर वजन आहे, गळ्यात अडकवून दिवसभर फिरलात तर संध्याकाळी मानेला बाम. शटर स्पीड फक्त 1/30 ते 1/500 सेकंद, आणि बी, म्हणजे बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं. शटरचा आवाज म्हणजे ट्रंकेचं झाकण पडल्यासारखा, गुपचूप फोटो विसरा. उजेड मोजायच्या मीटरला सेल लागत नाही, उजेडावरच चालणारं सेलेनियम आहे, पण सेलेनियम वयानुसार दमतं म्हणून सरळ मोबाइलवरचं मीटर अ‍ॅप वापरा. आणि अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या लहानमोठ्या होणाऱ्या भोकाच्या, दोन रिंगा, एकीने आकडा ठरवायचा, दुसरीने उघडून फोकस करायचा आणि क्लिक करायच्या आधी आठवणीने बंद करायचं. मी पहिल्या रोलमध्ये निम्म्या वेळा विसरलो, भर उन्हात एफ-2 वर, म्हणजे अ‍ॅपर्चर सताड उघडं, चर्चचे सगळे फोटो पांढरेफटक. चूक माझीच.

सगळ्यात गंमत व्ह्यूफाइंडरची. त्यात फ्रेमचा दोन तृतीयांशच भाग दिसतो, बाकीचं फिल्मवर आपोआप येतं. मी फक्त आजोबांचा चेहरा धरला होता, पुण्यात रोल स्कॅन करून आणला तर बाजूला मेडल्सचा डबा आणि तो घट्ट धरून बसलेला एका बाईचा हात. बहुतेक आजींचा. मला तिथे त्या दिसल्याच नव्हत्या! हा एकच फोटो असा आहे की त्यासाठी 110 लारी वसूल म्हणेन.

लेन्सबद्दल मात्र बोलायचं काम नाही. हेलिओस 44-2, 58 एमएम, मूळ डिझाइन जर्मन झाइसच्या बायोटारवरून घेतलेलं. मागे झाडीझुडपं असली आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असलं की पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात, तोच तो बोके (मागची धूसर नक्षी) ज्याच्यापायी हल्ली मिररलेस डिजिटल कॅमेरेवाले एम-42 चा, म्हणजे या लेन्सच्या आट्यांचा, अ‍ॅडॉप्टर लावून हीच लेन्स शोधत फिरतात. समोरून ऊन आलं की रंग धुवट होतात, मला ते आवडतं, तुम्हाला नसेल आवडत तर लेन्सला सावली देणारं हूड लावा.

रोजच्या वापराला घेऊ नका, रोलचे आजचे भाव बघता परवडणारही नाही. पण कुणी त्या बाजूला जाणार असेल तर नक्की बघा, फक्त घेताना मागचं झाकण उघडून शटरचा कापडी पडदा उजेडात धरा, भोकं नाहीत ना बघा, आणि निम्म्यापासून भाव सुरू करा. माझ्याकडे लेन्स मागायला येऊ नका, बॉडी हवी तर बोलू.