महिला सुरक्षेच्या मोहिमेसाठी फोटो मागणाऱ्यांपासून सावध

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे महिलांवरील हिंसाचाराविरोधी मोहिमेचे सोळा दिवस, आणि त्यानंतर ८ मार्चची लगबग. या काळात आम्हा फोटोग्राफरांकडे अशा कामांची विचारणा वाढते. नेमकी हीच वेळ साधून एका ‘इव्हेंट एजन्सी’च्या माणसाने मला पुण्यात गाठलं. कुठल्याशा कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या, निधीतून शहरभर होर्डिंग लागणार, म्हणाला. ॲडव्हान्सचं विचारलं तर, “ताई, समाजाचं काम आहे, पैसे कुठे पळून चाललेत?” पैसेच काय, तोही पळाला.

तोंड लपवून कोपऱ्यात बसलेली बाई मला नको होती. तसल्या पोस्टरमुळे लाजही बाईच्याच वाट्याला येते. म्हणून रात्रीच्या बसथांब्यावर ताठ उभी मुलगी, तिला न्याहाळणारे पुरुष अगदी स्पष्ट फोकसमध्ये, आणि खाली ठळक ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक. ओळखीच्या नाटक ग्रुपमधल्या मुली विनामोबदला आल्या. एजन्सीच्या संमतीपत्रात फोटोंच्या वापराचा रकाना कोरा होता. मंजुरी आली की भरू, असं सांगण्यात आलं. मग मोठ्या छपाईचं कारण देऊन त्याने वॉटरमार्क नसलेल्या मूळ फाइल्स मागून घेतल्या आणि फोन उचलणं बंद केलं.

बिल बुडालं, ते एक वेळ सोडून देता येईल. पण हे फोटो एका सेल्फ डिफेन्स कोर्सच्या जाहिरातीत निघाले. त्यात एका मुलीच्या गालावर एआयने जखम चढवलेली, आणि शेजारी ओळ: ‘त्या रात्री मी एकटी होते.’ साताऱ्याहून तिच्या मामांनी घरी फोन करून विचारलं, पोरीला नक्की काय झालं? काहीच झालं नव्हतं, हे नातेवाइकांना अजून पटत नाही.

जाहिरात उतरली ती तिने स्वतः प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि सायबर पोर्टलवर तक्रार केल्यावर. आपला चेहरा मॉर्फ केला आहे, ही तक्रार त्या व्यक्तीकडून किंवा तिच्या वतीने गेलेली बरी. फोटोग्राफरचा दावा वेगळा. त्याबद्दल वकिलांनी जे सांगितलं ते फार जणांना माहीत नसतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदल्यावर कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोची पहिली मालकी, करारात वेगळं ठरलं नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जाते. त्यामुळे ‘पूर्ण पैसे मिळेपर्यंत हक्क माझेच’ हे वाक्य करारात हवंच. संमतीपत्रात मोहीम, माध्यम, मुदत लिहा आणि ‘पीडित म्हणून दाखवायचं नाही’ असंही स्पष्ट घाला. मंजुरीसाठी वॉटरमार्क टाकलेल्या छोट्या फाइल्स पुरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, असेल तर थकलेल्या बिलासाठी २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली दाद मागता येते, पण त्यासाठी समोरची पार्टी खरी असावी लागते. माझ्याकडे आलेल्या वर्क ऑर्डरवरचा जीएसटी क्रमांक भलत्याच दुकानाचा निघाला.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका फोटोग्राफर मैत्रिणीला असाच मेसेज आला. नंबर नवा, एजन्सीचं नाव नवं. नमुना म्हणून जोडलेला फोटो मात्र आमच्याच शूटमधला.