२१०० सालची लोकसंख्या: संयुक्त राष्ट्रे, आयएचएमई की व्हिएन्ना, आकडे कुणाचे घ्यावेत?

२१०० साली जगात किती माणसे असतील? संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या अंदाजांच्या जुलै २०२४ च्या आवृत्तीनुसार १,०२० कोटी. सिॲटलच्या आयएचएमई या आरोग्यविषयक आकडेवारीच्या संस्थेने २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ८७९ कोटी म्हटले होते. व्हिएन्नाचे विटगेनस्टाईन केंद्र २०२३ च्या आपल्या मधल्या परिस्थितीनुसार ९९० कोटींच्या आसपास थांबते. दोन टोकांत फरक १४० कोटींचा, म्हणजे जवळजवळ आजचा अख्खा भारत. अहवाल, पाठ किंवा लेख लिहिणाऱ्याने यातला कोणता आकडा उचलायचा?

आधी प्रश्न कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या वयाचा आहे ते ठरवा. २०५० मध्ये साठीत असलेला माणूस १९९० पूर्वीच जन्मलेला आहे. त्याच्या बाबतीत अंदाज फक्त मृत्युदराचा आणि स्थलांतराचा, आणि मृत्युदर एकदम उलटसुलट होत नाहीत. म्हणून २०५० पर्यंतचे ज्येष्ठ नागरिक, पेन्शन, रुग्णालयातल्या खाटा यांसाठी कुठलाही स्रोत घेतला तरी निष्कर्ष सहसा बदलत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांचा आकडा मात्र पुढच्या जननदरावर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी किती मुले होतात यावर, उभा असतो. एकूण लोकसंख्येपेक्षा वरच्या वयोगटांचा अंदाज अधिक भरवशाचा असतो, हे बातम्यांत क्वचितच सांगितले जाते.

सर्वसाधारण कामासाठी संयुक्त राष्ट्रांचे आकडे घ्यावेत असे आमचे मत आहे. प्रत्येक देश, एकेका वर्षाचे वय, स्त्री-पुरुष वेगळे, सगळे फुकट मिळते. २०२४ च्या आवृत्तीत २०२३ पर्यंतचे आकडे प्रत्यक्ष माहितीवरून काढलेले आहेत, त्यापुढचे भाकीत आहे. एकाच आलेखात दोन्ही काढायचे असतील तर रेषेचा प्रकार बदला. याच आवृत्तीनुसार जगाच्या लोकसंख्येचे शिखर २०८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १,०३० कोटींचे, आणि ते याच शतकात येण्याची शक्यता ८० टक्के.

चुका ठरलेल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या फाइलमधले आकडे हजारांत असतात. भारतासमोर १४,५०,९३६ दिसले की अनेक जण ते साडेचौदा लाख वाचतात. त्याला १०,००० ने भागा, म्हणजे १४५.०९ कोटी मिळतील. दुसरे, 'उच्च' आणि 'निम्न' पर्याय म्हणजे शक्यतेच्या मर्यादा नव्हेत. मधल्या पर्यायातल्या जननदरात सरसकट अर्धे मूल वाढवले किंवा कमी केले की ते तयार होतात. सगळ्या देशांत एकाच वेळी तसे घडणे फारच अवघड. अनिश्चितता दाखवायची असेल तर ८० किंवा ९५ टक्क्यांचे संभाव्यता पट्टे वापरा. तिसरे, १ जानेवारीचा आणि १ जुलैचा असे दोन आकडे असतात, ते एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

आयएचएमईची पद्धत वेगळी आहे. मुलींचे शिक्षण आणि गर्भनिरोधकांची उपलब्धता यांवरून ते जननदर काढतात, त्यामुळे 'शिक्षण वाढले तर काय होईल' अशा प्रश्नाला त्यांचे मॉडेल उपयोगी पडते. त्यांचे शिखर २०६४ मध्ये, ९७३ कोटींवर. मात्र या अभ्यासाचा पाया २०१७ पर्यंतच्या माहितीवर आहे आणि ते जाणवते. जगाची बेरीज संयुक्त राष्ट्रांपेक्षा कमी असूनही २१०० च्या चीनसाठी त्यांचा आकडा ७३ कोटींचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ६३ कोटींहून जास्त आहे. नायजेरियातही तसेच, ७९ कोटी विरुद्ध सुमारे ४८ कोटी. म्हणून जगाची बेरीज एका स्रोतातून आणि देशाचा आकडा दुसऱ्यातून घेतला की हिशेब कोसळतो. संयुक्त राष्ट्रांवर हसण्याचेही कारण नाही असे नाही: २०१९ च्या आवृत्तीत चीनसाठी त्यांनी २१०० मध्ये १०६ कोटी धरले होते, पाच वर्षांत ते ६३ वर आले. ऐंशी वर्षांपुढचा एकच आकडा ठामपणे छापणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

व्हिएन्नाचे आकडे हवामान बदलावर काम करणाऱ्यांनी घ्यावेत. एसएसपी नावाच्या, समाज आणि अर्थव्यवस्था पुढे कोणत्या वाटेने जाईल याच्या पाच परिस्थिती तिथे आहेत, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या अहवालांत त्याच वापरल्या जातात, आणि वय-लिंगाबरोबर शिक्षणाची पातळीही मिळते. माहिती पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत असते. दरवर्षीचा आकडा लागत असेल तर इथे येऊ नका.

वयोरचनेची तुलना करताना व्याख्या तपासा. संयुक्त राष्ट्रांच्या या आकडेवारीत वृद्ध म्हणजे सहसा ६५ आणि त्यावरचे, भारतीय सरकारी अहवालांत ६० आणि त्यावरचे. अवलंबित्वाचे प्रमाण काढताना १५ पेक्षा लहान आणि ६५ वरचे एकत्र करून त्यांना १५ ते ६४ वयाच्या लोकांनी भागतात, मग १०० ने गुणतात. ही एकच संख्या दोन अगदी वेगळ्या स्थिती लपवते: नायजरमध्ये भार लहान मुलांचा, जपानमध्ये वृद्धांचा. म्हणून मुलांचे आणि वृद्धांचे प्रमाण वेगवेगळे द्या, आणि मध्यक वयही (ज्याच्या खाली निम्मे आणि वर निम्मे लोक असतात ते वय) जोडा.

महाराष्ट्राचा आकडा हवा असेल तर संयुक्त राष्ट्रे आणि व्हिएन्ना दोघेही बाद, कारण ते देशपातळीवर थांबतात. इथे लोकसंख्येच्या अंदाजांसाठी केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाचा जुलै २०२० चा अहवाल वापरावा. २०११ ते २०३६ पर्यंतचे राज्यवार अंदाज त्यात आहेत. देशभरात ६० वरच्यांचा वाटा ८.४ वरून १४.९ टक्क्यांवर आणि मध्यक वय २४.९ वरून ३४.५ वर जाईल असे तो सांगतो. पाया २०११ ची जनगणना आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोवर यापेक्षा बरे काही हाती येणार नाही.

जिल्ह्याचे काम असेल तर जास्त जपा. राज्याचा अंदाज २०११ च्या जिल्हावार वाट्याने वाटून टाकणे सोपे वाटते, पण त्या वर्षीच्या ठाण्याच्या १,१०,६०,१४८ मध्ये आजचा पालघर आहे, तो १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. तालुकानिहाय आकडे घेऊन आधी दोन्ही जिल्हे वेगळे करा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची लोकसंख्या २००१ ते २०११ दरम्यान घटली होती. तिथे राज्याचा वाढीचा दर लावला तर मुळातच उलट दिशेचा आकडा मिळेल.