ऑक्युपेशनल थेरपी की प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स? बारावीनंतर ठरवताना

माझी भाची बारावी सायन्स झाली. नागपुरात 'मेडिकल'ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपी (रुग्णाला रोजची कामं पुन्हा शिकवणारी उपचारपद्धती) करावी, की मुंबईला प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स (कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवण्याचं शास्त्र), यावर घरात रोज चर्चा चालते. मी कृत्रिम पाय बनवणारी, त्यामुळे माझा कल कुठे ते उघडच आहे.

दोन्ही पदव्या चार-पाच वर्षांच्या, त्यात इंटर्नशिपही आली. राज्यातले प्रवेश नीटच्या गुणांवर. फरक पहिल्याच दिवशी पडतो तो घराचा: एक कोर्स मेडिकल चौकात, दुसरा मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत. मुंबईचं राहणं-खाणं झेपणार नसेल, तर नागपूर निवडण्यात काही कमीपणा नाही.

पण आमचं काम कसं असतं ते आधी बघा. गुडघ्याखाली पाय कापलेला रुग्ण येतो. उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून हुबेहूब प्रतिकृती काढायची. खरं कसब त्यानंतर. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर भार पेलायचा, म्हणून तिथलं प्लास्टर खरवडायचं; नडगीच्या धारेवर मात्र थर चढवायचा, नाहीतर सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा भाग, तिथेच घासतं. मधुमेहाने संवेदना गेलेल्या माणसाला ते कळतही नाही, जखम झाल्यावर दिसतं. मग तापवलेलं प्लास्टिक प्रतिकृतीवर ओढायचं, पाऊल जोडायचं, रुग्णाला चालवून बघायचं आणि पुन्हा घासायचं. धूळ, भट्टी, मशीनचा आवाज रोजचाच.

ऑक्युपेशनल थेरपीत रुग्णाबरोबर जास्त वेळ जातो. लकवा झालेल्या बाईला पुन्हा भाकरी थापता यावी, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला स्वतः जेवता यावं, यासाठी महिनोन्‌महिने सराव. हाताला आधार देणाऱ्या स्प्लिंट हे थेरपिस्टही बनवतात, गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या.

नोंदणी वेगवेगळी: आमची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, त्यांची राज्य परिषदेकडे. स्वतःचं काम थाटायला त्यांना एक खोली पुरते. आम्हाला भट्टी, व्हॅक्यूम पंप, राउटर (घासून आकार देणारं यंत्र) लागतो, म्हणजे भांडवल. नोकरी हवी असेल तर कृत्रिम अवयवांच्या कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि कानपूरची अलिम्को ही कृत्रिम अवयव बनवणारी सरकारी कंपनी आहे.

ज्याला लहानपणापासून वस्तू खोलून जोडायची हौस आहे, त्याने मुंबईचा खर्च सोसावा असं मला मनापासून वाटतं. भाची शनिवारी माझ्या वर्कशॉपात येतेय. प्लास्टर तिलाच कालवायला देणार आहे, फॉर्म त्यानंतर भरू.