बाळाचे पहिले फोटो: बाराव्या दिवशी की सव्वा महिन्यानंतर, स्टुडिओत की घरी?

माझ्या नणंदेला आठवा महिना लागलाय. परवा तिचा फोन आला, "वहिनी, स्टुडिओवाले म्हणतात पहिल्या दोन आठवड्यांतच फोटो काढा, आणि आई म्हणते सव्वा महिन्याआधी बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. मी करू काय?" मी दोन्ही केलंय. थोरलीचे फोटो अकराव्या दिवशी स्टुडिओत काढले, धाकट्याचे तो सात आठवड्यांचा झाल्यावर घरी. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी वयाचं बघू. फोटोग्राफर ५ ते १४ दिवसांचं बाळ मागतात ते उगाच नाही. या दिवसांत बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपेत असतं, आणि एकदा गाढ झोपलं की हात गालाखाली सरकवला तरी जागं होत नाही. पोटात जसं गुडघे दुमडून होतं तसंच मुटकुळं करून पडतं. पुढे हातपाय सैल होतात, कित्येक बाळांच्या गालांवर बारीक पुरळ येतं, आणि संध्याकाळचं ते न थांबणारं रडणं सुरू होतं, जे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं. तुमच्या मनातला फोटो हनुवटीखाली हात घेऊन झोपलेल्या इवल्याशा बाळाचा असेल, तर तो याच दिवसांत मिळतो.

पण घरात तेव्हा काय चाललेलं असतं? पाचवीची पूजा, बारशाची तयारी, पाहुण्यांची रीघ. आईचे टाके ओले असतात, दूध नुकतं उतरू लागलेलं असतं. बाळाचं वजन जन्मानंतर थोडं घटतं आणि जन्माच्या वजनाला परत यायला १० ते १४ दिवस लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी कावीळही दिवस भरलेल्या बाळात दोनेक आठवड्यांत उतरते. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी घाई करू नका, दहावा दिवस उलटू द्या. बाळ पिवळं दिसतंय, मरगळलंय, दूध ओढत नाही असं वाटलं तर त्या दिवशी फोटो नाहीत, थेट डॉक्टर. दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाला तर हे दिवसांचं गणित लावूच नका. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच.

सव्वा महिन्यानंतरचं बाळ वेगळंच असतं. ते तुमच्याकडे बघतं. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान ओळखीचं पहिलं हसू येतं, आणि आईचा चेहरा वीतभर अंतरावर आला की नजर तिथे खिळते. धाकट्याचा माझा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे: तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघतोय आणि ओठाचा एकच कोपरा वर गेलाय. थोरलीचा असा एकही फोटो नाही, कारण ती सगळ्या फोटोंत झोपलेली आहे. सुंदर आहेत ते फोटो, पण डोळे मिटलेले आहेत. या वयात सांभाळायची गोष्ट एकच, सहाव्या आठवड्याची लस. लसीनंतर एक-दोन दिवस कणकण, चिडचिड असते. मध्ये चार दिवस सोडून तारीख घ्या.

आता जागा. स्टुडिओची बाजू आधी सांगते, कारण ती लंगडी नाही. खोली उबदार ठेवलेली असते, प्रकाश हातात असतो, टोपल्या, रॅप (बाळाला गुंडाळायचं ताणणारं कापड), गादी सगळं तयार असतं. चांगल्या स्टुडिओत बाळावर सतत हात ठेवून बसणारी मदतनीस असते. आपल्या फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर स्टुडिओतले फोटो निःसंशय उजवे येतात.

थोरलीच्या वेळी आमचं बिनसलं ते वेळेच्या बाबतीत. बाळाला घरी न्हाऊ घातलं, पोटभर पाजलं आणि निघालो. चाळीस मिनिटांच्या गाडीप्रवासात ती गाढ झोपली. पोचलो तर आधीच्या बाळाचं काम आटोपलं नव्हतं. तासभर बाहेर बसलो, आणि आमचा नंबर लागेपर्यंत तिची झोप पुरी होऊन ती भुकेने रडत होती. माझे टाके दुखत होते. पुढचे तीन तास पाजणं, थोपटणं, पुन्हा पाजणं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, आणि घर की स्टुडिओ हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच सुटला. आपल्याकडे बाळाला झोपवण्याची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये: मालिश, कोमट पाण्याचं न्हाणं, दुपट्यात गुंडाळणं, आणि वर पोटभर दूध. न्हाण्यानंतर बाळ दोन-अडीच तास जी झोप घेतं, तीच फोटोंसाठी सोन्यासारखी वेळ. स्टुडिओत जाणारे ती झोप गाडीत घालवतात. घरी तुम्ही बाळाला न्हाऊ घालत असताना फोटोग्राफर खिडकीजवळ गादी लावू शकतो.

म्हणून घरी ठरवलं तर वेळ सकाळी साडेनऊ-दहाची घ्या. तेल आदल्या दिवशी लावा, त्या दिवशी नुसतं न्हाणं. तेलाने अंग फोटोत चकाकतं आणि बाळ हातातून निसटतं. पंखा बंद, खिडकीला पातळ पडदा. बाळ उघडं ठेवायचं असेल तर खोली आपल्याला किंचित उकडेल इतकी उबदार हवी, पण त्याची मान घामेजली किंवा अंग लाल दिसलं तर लगेच मोकळं करा. धुरी त्या दिवशी नकोच, खरं तर कुठल्याच दिवशी नको. झबलं पुढून बांधायचं घाला, म्हणजे डोक्यावरून ओढावं लागत नाही. लंगोटाची किंवा डायपरची पट्टी आणि मनगट्या तासभर आधी सैल करा. थोरलीच्या कमरेवरचा इलॅस्टिकचा वळ सगळ्या फोटोंत दिसतो. काजळ डोळ्यांत घालू नका. आजीला तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, तिचंही मन राहतं. बाळ दचकून दोन्ही हात फाकवतं तेव्हा छातीवर तळहात नुसता टेकवून ठेवा, ते पुन्हा शांत होतं.

घराचा तोटा म्हणजे माणसं. खोलीत आई, फोटोग्राफर आणि एक जाणती बाई, एवढेच हवेत. बाकीच्यांना स्वयंपाकघरात बसवा. सर्दी-खोकला असलेल्या कुणीही, फोटोग्राफरनेसुद्धा, त्या दिवशी यायचं नाही. आल्यावर हात साबणाने धुवायचे, हे आधीच फोनवर सांगा, म्हणजे ऐनवेळी संकोच होत नाही.

घरी प्रॉप, म्हणजे फोटोतल्या सजावटीच्या वस्तू, नसतात म्हणून हिरमुसू नका. आजेसासूबाईंच्या विरलेल्या नऊवारीचं दुपटं आणि बाळंतविड्यात आलेली कुंची, एवढ्यावर आमचे फोटो झाले. त्या दुपट्यावरची एक रफू फोटोत स्पष्ट दिसते, आणि सासूबाई दर वेळी नेमकं तिथेच बोट ठेवतात.

कुठेही काढा, एक प्रश्न नक्की विचारा: बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून बसलंय असा फोटो तुम्ही कसा काढता? ते बाळ खरं तसं बसत नसतं. एका फोटोत कुणीतरी डोकं धरतं, दुसऱ्यात हात, आणि मग दोन्ही फोटो संगणकावर जोडले जातात. ज्याला हे माहीत नाही किंवा जो "बसतं हो" म्हणतो, त्याच्या हातात बाळ देऊ नका. रॅप गुंडाळतानाही पाय सरळ ताणून आवळलेले नकोत. गुडघे वाकलेले, मांड्या फाकलेल्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो.

नणंदेला मी शेवटी म्हटलं, तुझं बाळंतपण माहेरी आहे, पूर्वेची मोठी खिडकी आहे, तेव्हा बारसं उरकल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी घरीच काढ. बाळंतपणात टाके पडले आणि बसवत नसेल तर सरळ सव्वा महिना होऊ दे आणि हसरे फोटो घे. बुकिंग मात्र आत्ताच, आठव्या महिन्यात करून ठेव. नक्की तारीख देऊ नकोस, अंदाजे आठवडा सांग आणि बाळ झालं की त्याच दिवशी कळवू असं ठरव. तारीख पुढे ढकलली तर आगाऊ रकमेचं काय, हे तेवढं लिहून घे.