५५५ वाला सर्व्हो टेस्टर किट: घ्या, पण सोबत कपॅसिटरही घ्या

नाशकात रविवार कारंज्याकडच्या पार्टच्या दुकानातून हा किट घेतला, दीडशे रुपयांना. सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर, आणि तिला तो सिग्नल देणारा टायमर आयसी म्हणजे ५५५. पंचवटीतल्या आमच्या मंडळाच्या हलत्या देखाव्यात मूषकाची मान फिरवायची होती. प्रोग्रॅमिंगची भानगड नको, मंडळातल्या कुठल्याही पोराला दुरुस्त करता यावं, म्हणून साधं अ‍ॅनालॉग सर्किटच हवं होतं.

बोर्ड चांगला आहे. सोल्डर लगेच धरतं, आयसीला सॉकेट दिलंय. आकृतीचा कागद पुसट आहे, पण भागतं.

तक्रार एकच आणि मोठी आहे: थरथर. पॉटला (कोन ठरवायच्या फिरत्या बटणाला) हात न लावता मान जागच्या जागी कुरकुरत राहते. सर्व्हो पल्सची (सिग्नलच्या छोट्या ठोक्याची) रुंदी, म्हणजे तो किती वेळ टिकतो ते बघतो: एक मिलिसेकंद म्हणजे एक टोक, दोन म्हणजे दुसरं, आणि हे दर वीस मिलिसेकंदांनी. हजार मायक्रोसेकंदांत साधारण नव्वद अंश, म्हणजे पल्स दहा मायक्रोसेकंदांनी हलली की मान जवळपास एक अंश सरकते.

अंबडला कंपनीतल्या स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) लावून बघितलं. पल्सच्या चढत्या कडेवर ट्रिगर दिला (चित्र तिथून सुरू केलं) तर उतरती कड रेघ न दिसता जाड पट्टा दिसत होती. सर्व्होचा प्लग काढला आणि पट्टा एकदम बारीक झाला. दुखणं सप्लायचं होतं. ५५५ आपल्या कपॅसिटरचा व्होल्टेज सप्लायच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश पातळीशी ताडून बघतो. सप्लाय संथपणे वरखाली झाला तर चार्जिंग आणि पातळी दोन्ही त्याच प्रमाणात सरकतात, वेळ तीच राहते. मोटर मात्र झटका मारते तो पल्स चालू असतानाही. मग पल्स चुकते, मोटर पुन्हा धावते, सप्लायचा व्होल्टेज पुन्हा खाली येतो. किटमध्ये आयसी आणि सर्व्हो एकाच बारीक ट्रॅकवर आहेत, तिथेच सगळं बिघडतं.

म्हणून सर्व्होच्या लाल आणि काळ्या वायरी बोर्डावरून न नेता थेट अ‍ॅडॅप्टरच्या टर्मिनलवरून घ्या. प्लगपाशी ४७० मायक्रोफॅरड, आयसीच्या ८ आणि १ नंबरच्या पिनांना चिकटून ०.१, आणि ५ नंबरच्या पिनपासून ग्राउंडला ०.०१. या शेवटच्या कपॅसिटरची जागा बोर्डावर आहे, पाकिटात कपॅसिटर नाही! साधा ५५५ स्वतःही आउटपुट पलटताना सप्लायला हिसका देतो. त्याच सॉकेटमध्ये त्याचा सीमॉस (कमी करंट घेणारा) भाऊ ७५५५ बसतो, तो याबाबतीत खूप शांत आहे.

टायमिंगला दिलेला सिरॅमिक डिस्क कपॅसिटर काढून फिल्मचा बॉक्स कपॅसिटर लावा, नाहीतर हॅलोजनच्या उष्णतेत मधली जागा सरकते. कार्बन पॉटचा वायपरही (आतला सरकता संपर्क) खरखरतो. त्याऐवजी सर्मेटचा प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) घ्या. सिग्नलची वायर लांब जाणार असेल तर ग्राउंडसोबत पीळ देऊन न्या, विशेषतः शेजारून डिमरची लाइन जात असेल तर.

एवढं केल्यावर स्कोपवर उतरती कड स्वच्छ रेघ झाली आणि मान थांबली की थांबते. दुकानदारांनी बॉक्स कपॅसिटर आपणहून शोधून दिले, एकेक सुटा सुद्धा.

पाचपैकी चार. बोर्ड बनवणाऱ्यांनी पुढच्या खेपेस पाच नंबरच्या पिनचा कपॅसिटर पाकिटात टाकावा आणि सर्व्होसाठी वेगळा जाड ट्रॅक काढावा. पाचवा तारा तेवढ्यासाठीच राखून ठेवलाय.