लाईन ओढून देतो म्हणाला आणि १ लाख ६२ हजार घेऊन गेला

ज्यांचं घर पोलपासून लांब आहे आणि जे थ्री फेज घ्यायच्या किंवा लोड वाढवायच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचा.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, वाडीतल्या शेवटच्या पोलपासून २३० मीटर. मधे भातशेती आणि एक वहाळ. जुनी सर्व्हिस वायर फणसाला, बांबूला बांधत आणलेली. संध्याकाळी स्टॅबिलायझरचा काटा १६० वर यायचा. पंप लावला की ट्यूब फडफडून विझायची. फ्रीजचा कॉम्प्रेसर जळाला, त्याचे ६,८०० गेले. म्हणून गणपतीच्या आधी पोल टाकून नीट केबल ओढायची आणि थ्री फेज घ्यायचं ठरवलं.

हे काम ज्या ठेकेदाराला दिलं तो माणूस परका नव्हता. वीज कंपनीच्या कार्यालयात साहेबांच्या टेबलासमोर तो रोज बसलेला असायचा. शिपाई त्याला चहा आणून द्यायचा. आसपासच्या वाड्यांमधली कामं तोच करायचा. अशा माणसावर विश्वास ठेवला म्हणून आज जो तो मला शहाणपण शिकवतो, पण त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरची लाईन त्यानेच ओढलेली आहे.

हिशेब वहीच्या पानावर लिहून दिला. थ्री फेजची ३५ स्क्वेअर एमएम (आतल्या धातूच्या छेदाचं माप) एबी केबल, म्हणजे पोलवरून ओढायची चार तारांची जुडी, २३० मीटरचे ५२,९००. सिमेंटचे सहा पोल ४५,०००. खड्डे, उभारणी, मजुरी २८,०००. मीटरपेटी, एमसीबी, अर्थिंग १४,५००. आणि ‘ऑफिसात भरायचे’ २१,६००. एकूण १,६२,०००. त्यातले ९०,००० मी मोबाईलवरून पाठवले, तेही त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर. ७२,००० रोख.

केबल आली तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. केबल ज्यावर गुंडाळून येते तो ड्रम नव्हता. गोणपाटात बांधलेल्या दोन गुंडाळ्या होत्या. मी विचारलं, ड्रम कुठे? म्हणाला, "काका, ड्रम टेम्पोत बसत नाही, दुकानातच उलगडून घेतली." आणि अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा एकेक गुंडाळी खांद्यावर टाकून आमची चढण चढून आला. त्याला धापसुद्धा लागली नव्हती! तिथेच कळायला हवं होतं. ३५ स्क्वेअर एमएमच्या चार तारा २३० मीटर म्हणजे नुसतं अ‍ॅल्युमिनियमच ८७ किलो भरतं, वरचं आवरण वेगळं. पण हा हिशेब मला तेव्हा कोण सांगणार होतं? केबल काळी आणि जाडजूड दिसत होती. जाडी सगळी आवरणाची होती हे बाहेरून दिसत नाही.

पोल चारच सिमेंटचे आले. दोन ठिकाणी जुने लोखंडी पाईप रंगवून उभे केले. गणपती तोंडावर होते, मुंबईची मंडळी यायची होती, मी वाद घातला नाही. कंपनीचाच लाईनमन पोलवर चढून जोडून गेला. सध्या एकच फेज चालू करतो, मीटर आलं की बाकीचे दोन जोडतो, असं सांगितलं. २१,६०० ची पावतीही आणून दिली, शिक्का मारलेली.

मीटर आलंच नाही. व्होल्टेज थोडं सुधारलं, पण गीझर आणि पंप एकत्र लावले की पुन्हा तेच. शेवटी आयटीआय झालेल्या भाच्याने केबलचं टोक सोलून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. चारपैकी एका तारेच्या आत सात बारीक तारा, एकेक १.३५ मिलिमीटरची. म्हणजे १० स्क्वेअर एमएम! ३५ च्या केबलमध्ये आतली एकेक बारीक तार अडीच मिलिमीटरच्या आसपास हवी. घरात २० अँपिअर खेचले तर या केबलमध्ये २८ व्होल्ट वाटेतच जातात. ३५ ची असती तर आठच गेले असते. केबल घेताना टोक सोलायला लावा, तारा मोजा, दुकानाचं जीएसटी बिल स्वतःच्या नावाने घ्या. तो चिडला तर चिडू दे.

पावती घेऊन कार्यालयात गेलो तर कळलं, माझा अर्जच नोंदलेला नाही. आमच्याकडे ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो, पावतीवर ११ अंक. साहेब म्हणाले, "तो आमचा माणूस नाही." मग तुमच्यासमोर खुर्ची टाकून कोण बसायचं? लाईनमनला विचारलं तर त्याला काही आठवत नाही. वर साहेबांनी मलाच दम भरला: पोल विनापरवाना उभे केलेत, कारवाई तुमच्यावर होईल. माझ्यावर! लेखी तक्रारीची पोच मागितली, तर आवक-जावकवाला रजेवर. वरच्या कार्यालयाने पत्र पुन्हा याच कार्यालयाकडे "योग्य कार्यवाहीसाठी" पाठवलं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, तेच चौकशी करणार.

पोलीस ठाण्यात सांगितलं, हा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा. खोटा शिक्का मारलेला कागद समोर ठेवलाय आणि दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. तो मात्र अजून त्याच खुर्चीत बसतो. मला बघून मान फिरवतो.

कार्यालयाचे पैसे कुणाच्याही हातात देऊ नका. कंपनीचं कोटेशन तुमच्या नावाने निघतं, ते स्वतः खिडकीवर किंवा ऑनलाईन भरा. ठेकेदाराचा परवाना बघा आणि त्यावरचं नाव त्याचंच आहे का तेही बघा. याने मला दुसऱ्याच्याच परवान्याची झेरॉक्स दाखवली होती. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ प्रमाणे कंपनीला तक्रार निवारण मंच ठेवावाच लागतो, हे कार्यालयात कुणी आपणहून सांगत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. मी दोन्हीकडे कागद दिले आहेत.

आणि खोटी पावती हातात असेल तर मूळ कागद कुणालाही देऊ नका. प्रकरण बाहेर पडल्यावर तो संध्याकाळी घरी आला होता. "काका, त्यावर एक सही राहिलीय, करून आणतो, द्या इकडे," म्हणत होता.