चार शुभवर्तमानांचं ऑडिओ ॲप: आवाज ऐका, बॅज बंद करा

आधीच सांगून टाकते, शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं, त्यांच्या ऑडिओसाठी हे ॲप डोळे मिटून घ्या, आणि त्यातला 'शुभवर्तमान म्हणजे काय' हा जो कोर्स आहे तो मात्र डोळे उघडे ठेवून बघा. स्टार तीन दिलेत. ऑडिओला वेगळे द्यायची सोय असती तर त्याला पाच दिले असते आणि कोर्सला दीड. मी स्वतः ख्रिस्ती, मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) अभ्यासवर्गात असते, त्यामुळे मजकूर नवीन नव्हता, पण काम करताकरता कानावर पडला तर काय वेगळं हाती लागतं ते बघायचं होतं म्हणून हे घेतलं.

तर ऑडिओ. मत्तयचे 28, मार्कचे 16, लूकचे 24 आणि योहानाचे 21 असे 89 अध्याय आहेत, सगळे डाउनलोड होतात, नेट नसलं तरी चालतात. एकच आवाज आहे आणि मागे संगीत नाही, देवाची कृपा! नाहीतर या प्रकारच्या रेकॉर्डिंगमध्ये येशू बोलायला लागला की लगेच व्हायोलिन सुरू होतं आणि परूशी (येशूशी वाद घालणारे यहुदी धर्मपंडित) आले की ढोल. इथला वाचक नाटक करत नाही, काय झालं ते सांगतो आणि पुढे जातो. मला वाटतं शुभवर्तमान वाचायची खरी पद्धत हीच, कारण विश्वास ठेवणाऱ्यासाठी ती आधी बातमी आहे, काहीतरी घडलंय आणि ते कुणीतरी येऊन सांगतंय. 'चांगलं कसं वागावं' हा सल्ला त्यात आहेच, पण तो त्या बातमीच्या मागून येतो.

हे ऐकताना फार स्पष्ट होतं, विशेषतः मार्कमध्ये. मार्क दीडेक तासात ऐकून होतो, सलग ऐकाच. अकराव्या अध्यायात येशू यरुशलेमेत शिरतो आणि तिथून शेवटपर्यंत जवळजवळ सगळं त्याच्या शेवटच्या एका आठवड्याचंच आहे, म्हणजे सोळातले सहा अध्याय एका आठवड्याला! चरित्र म्हणून बघितलं तर हे प्रमाण विचित्रच आहे, जन्म नाही, बालपण नाही, आणि मरणाला इतकी जागा. पण लिहिणाऱ्याला माणसाची माहिती द्यायचीच नाहीये, त्याला सांगायचंय की हा मेला तो का आणि त्यानंतर थडगं रिकामं का होतं. वाचताना आपण एकेक अध्याय घेतो म्हणून हे लक्षात येत नाही, ऐकताना दहाव्या अध्यायानंतर वेळ कशी मंदावते ते जाणवतं.

लूकचा पंधरावा अध्याय तर या आवाजात तीन-चारदा तरी ऐका. उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ, म्हणून नीट कुणी ऐकत नाही. बापाकडून घेतलेली वाटणी उडवून टाकलेला मुलगा दूर देशात डुकरं राखताना बापाला काय म्हणायचं ते मनात तयार करतो, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा. असं तीन भागांचं भाषण. घरी येतो, बाप लांबूनच बघतो, धावत येतो, गळ्यात पडतो, आणि मुलगा भाषण सुरू करतो, पहिला भाग होतो, दुसरा होतो, आणि मजुराचं वाक्य यायच्या आतच बाप नोकरांना सांगायला लागतो की झगा आणा, अंगठी घाला, जोडे घाला. वाचकाने तिथे अजिबात श्वास घेतलेला नाही, त्यामुळे बापाने मध्येच तोडलं हे कानाला कळतं. मजूर म्हणून राहायची ऑफर त्याला करूच दिली नाही. आमच्यासाठी शुभवर्तमानाचा अर्धा अर्थ तिथेच आहे, की परत येणाऱ्याला हप्त्याहप्त्याने मुलगा व्हावं लागत नाही. आणि या स्वागतावर रागावून बाहेरच थांबलेला मोठा भाऊ शेवटी आत गेला की नाही ते लूक सांगतच नाही, तिथे मात्र वाचक थोडा थांबतो, बरोबर थांबतो.

टिपाही चांगल्या आहेत, थोड्याच पण प्रामाणिक. मार्क 16:8 ला बायका थडग्यापासून थरथरत पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत, तिथे टीप आहे की पुढच्या ओवी 9 ते 20 सर्वात जुन्या हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन्हींत नाहीत. योहानातल्या व्यभिचारात धरलेल्या स्त्रीच्या प्रसंगालाही तशीच टीप आहे. काही लोकांना हे खटकेल, विश्वास डळमळेल वगैरे. मला नाही वाटत. ज्या गोष्टीवर आयुष्य टाकलंय तिचे कागद कसे आलेत ते माहीत असलेलं बरं.

आता तो कोर्स. व्हिडिओ आणि त्याखाली कार्डं, अशी मांडणी. चार पायऱ्या: देव तुमच्यावर प्रेम करतो, तुम्ही पापी आहात, ख्रिस्त तुमच्यासाठी मेला, ही प्रार्थना म्हणा. चुकीचं काही नाहीये यात, हे आधी मान्य करते, अनेकांचा विश्वास अशाच साध्या मांडणीतून सुरू झालाय. पण माझी तक्रार अशी की एवढंच शुभवर्तमान असेल तर येशूने वधस्तंभाच्या (क्रूसावरच्या मरणाच्या) आधी गावोगाव फिरून काय सांगितलं? मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो गालीलात येतो आणि सांगतो की वेळ आलीय, देवाचं राज्य जवळ आलंय, पश्चात्ताप करा आणि या सुवार्तेवर (म्हणजे शुभवर्तमानावरच) विश्वास ठेवा. वधस्तंभ अजून बराच लांब आहे. नासरेथच्या सभास्थानात तो जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडून गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी असं वाचतो आणि म्हणतो हे आज पूर्ण झालं. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून विचारतो की येणारा तो तूच का, तर उत्तर काय, आंधळे बघतायत, लंगडे चालतायत, कुष्ठरोगी शुद्ध होतायत, गरिबांना सुवार्ता कळतेय. कोर्समध्ये 'देवाचं राज्य' हे शब्द मला एकदाही सापडले नाहीत, मी दोनदा शोधले. सगळं मेल्यानंतर तुम्ही कुठे जाणार यावरच येऊन थांबतं, आणि शेजारचा उपाशी माणूस, मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला भुकेला-तान्हेला-परका-तुरुंगातला, तो कोर्सच्या बाहेरच उभा.

आणि पुनरुत्थान अर्ध्या वाक्यात! 'मेला आणि उठला', झालं, पुढची पायरी. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (करिंथकरांस), पंधराव्या अध्यायात, शुभवर्तमान म्हणजे नेमकं काय ते स्वतः लिहून दिलंय आणि म्हणतो की मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं: ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशी उठला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, बारा शिष्यांना दिसला, मग पाचशेहून जास्त भावांना एकाच वेळी दिसला आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत. हे पत्र इ.स. 50 ते 60 मधलं, वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीसेक वर्षांत, चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. 'त्यातले बहुतेक जिवंत आहेत' याचा साधा अर्थ जा आणि विचारा. आणि थोड्याच ओळींनंतर तोच पौल म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. इतकं सगळं त्याने एका गोष्टीवर लावलंय, आणि कोर्सच्या कार्डावर फक्त 'आपल्या पापांसाठी मेला' एवढंच छापून खाली सूर्योदयाचा फोटो.

कार्डांची ही कापाकापी जरा जास्तच आहे. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय घ्या, कार्डावर ओवी 8 आणि 9 आहेत, कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण झालंय, कर्मांनी नाही, कुणी फुशारकी मारू नये. छान. पण ओवी 10 कापलीय, जी त्याच दमात सांगते की सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला ख्रिस्तात घडवलंय. कात्री बरोबर तिथे पडली, मग लोक म्हणणारच की यांचं बरंय, विश्वास ठेवला की मोकळे.

आता बॅज. ॲप रोज उघडलं की साखळी वाढते, ठरावीक दिवस झाले की 'विश्वासू वाचक' असा सोनेरी बॅज, एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि रात्री नोटिफिकेशन येतं की आज तुम्ही देवाला वेळ दिला नाही. मी मत्तयचा विसावा अध्याय ऐकत होते, द्राक्षमळ्यातले मजूर, पहाटेपासून उन्हात राबलेल्यालाही एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एक दिनार, आधीचे कुरकुरतात आणि मालक विचारतो की मी चांगला आहे म्हणून तुला का खुपतं, आणि नेमकं तेव्हाच वरून पट्टी सरकत आली की तुमची साखळी तुटली. बनवणाऱ्यांपैकी कुणीच हा अध्याय पूर्ण ऐकला नसावा. सेटिंगमध्ये जाऊन 'स्मरणपत्रे' आणि 'प्रगती' दोन्ही बंद करता येतात, पहिलं काम ते करा.

'एकत्र कथा' नावाचा एक मोड आहे, चारही शुभवर्तमानांचे प्रसंग क्रमाने जोडून एकच गोष्ट केलीय. कल्पना जुनी आहे, दुसऱ्या शतकात तातियान या ख्रिस्ती लेखकाने डायटेसरॉन नावाने हेच केलं आणि सिरियाक मंडळ्यांत ते बराच काळ चाललं, पाचव्या शतकात बिशपांनी ते बाजूला करून चार वेगळी शुभवर्तमानं परत आणली. का आणली ते हा मोड ऐकला की कळतं. मार्कमध्ये येशू वधस्तंभावर एकच वाक्य बोलतो, 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी', माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि मग मोठ्याने ओरडून प्राण सोडतो. लूकमध्ये तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, शेजारच्या अपराध्याला सुखलोकाचं वचन देतो, बापाच्या हाती आत्मा सोपवतो. योहानात 'पूर्ण झालं'. एकत्र केलं की सात वाक्यं एकामागून एक येतात आणि मार्कचं ते एकटं ओरडणं पुढच्या वाक्यात विरून जातं. ज्याची प्रार्थना ऐकली गेली नाही असं वाटतंय त्या माणसाला मार्कचा येशू लागतो, तोही सुवार्ताच आहे, की देवाचा पुत्र त्या जागेवर जाऊन आलाय. हा मोड लहान मुलांना क्रम समजवायला ठीक, बाकी नको.

पंथांबद्दल एक धडा आहे, तो घाईत केलाय. 1517 मध्ये जर्मन सुधारक लूथर, विश्वासाने नीतिमान ठरणं, कॅथलिक एका बाजूला प्रोटेस्टंट दुसऱ्या बाजूला, आणि तिथेच संपतो, जणू भांडण अजून तसंच चालू आहे. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघाने याच मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, 2006 मध्ये मेथडिस्टही (आणखी एक प्रोटेस्टंट पंथ) त्यात आले, सगळे मतभेद मिटले असं नाही पण मूळ गोष्टीवर एकमत आहे असं लेखी दिलं. ते यायला हवं होतं. ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या चर्चच्या) लोकांना दोन ओळी. त्यांच्याकडे शुभवर्तमानाचा ग्रंथ मिरवणुकीने बाहेर आणतात, कॅथलिक मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) ते वाचताना सगळे उभे राहतात आणि कपाळ, ओठ, छातीवर छोटा क्रूस काढतात. म्हणजे शुभवर्तमान नुसतं समजून घ्यायचं नसतं, त्याच्यासमोर उभंही राहायचं असतं, हे त्या साध्या कृतीत जितकं आहे तितकं व्हिडिओत नाही.

तांत्रिक बाबतीत फार बोलण्यासारखं नाही. शोध चालतो, ओवीवर थेट जाता येतं, वेग कमीजास्त होतो. मोठी उणीव एकच, जुना करार ॲपमध्ये नाहीच, त्यामुळे लूकच्या चौथ्या अध्यायात यशयाच्या संदर्भावर बोट ठेवलं की कोरं पान उघडतं. पौल दोनदा 'शास्त्राप्रमाणे' म्हणतो ते शास्त्र म्हणजे हेच. निदान यशया आणि स्तोत्रं तरी टाका, 22 वं स्तोत्र नसेल तर मार्कमधल्या त्या ओरडण्याचा उगम कुणाला कसा सापडणार.

घ्यायचं असेल तर घ्या, फुकट जाणार नाही. कोर्स आधी उघडू नका, आधी मार्क सलग ऐका, मग लूक, आणि ज्यांना शुभवर्तमान म्हणजे काय हेच माहीत नाही अशा मित्राला पाठवायचं असेल तर कोर्सची लिंक न पाठवता लूक 15 ची ऑडिओ पाठवा, शेअरचं बटण अध्यायाच्या नावाशेजारी आहे. बनवणाऱ्यांनी हे वाचलं तर पुढच्या अपडेटमध्ये इफिसकरांस 2:10 तेवढी कार्डावर परत आणा, अर्धा स्टार लगेच वाढवते.